फेट्यातला फोटो

माझ्या लेकीचं, हर्षालीचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. फाल्गुन महिना होता. निफाडकडे द्राक्षं तोडायची घाई चाललेली, त्यामुळे सायखेड्याच्या व्याह्यांना तारीख दोनदा बदलावी लागली. मांडवात आमच्याकडच्या सगळ्या पुरुषांनी गुलाबी फेटे बांधले होते. हर्षालीचा थोरला भाऊ, आमचा शेखर, कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होता तेव्हा फोटोवाल्याने त्याचा एक फोटो काढला. तो इतका चांगला आला की मोठा करून आम्ही घरात लावला. पुढचं सगळं त्या फोटोमुळे झालं.

आमचं घर मखमलाबादला, नाशिकच्या काठाला. झेंडू आणि शेवंती हे आमचं पीक. शेखर फुलांची पिकअप बाजारात नेतो. त्याला नाटकाचं वेड आहे. नाशिकच्या हौशी नाटकांत त्याने हवालदार, दूधवाला, मुडदा अशी कामं केली. एका नाटकात तर पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत तो मेलेलाच होता. तेव्हा मालक, म्हणजे शेखरचे वडील सावळीराम, म्हणाले होते, "नुसतं पडूनच राहायचं होतं, तर घरी काय वाईट होतं?"

दिवाळीनंतर मोबाइलवर आणि टीव्हीवर 'हद्दीबाहेर' नावाची मालिका आली. त्यात शेखरला काम मिळालं, तेही मेलेल्याचंच. एका द्राक्षबागेच्या शेततळ्यात दिनकर नावाच्या माणसाचं प्रेत सापडतं. तळं दोन गावांच्या शिवेवर. या ठाण्याचे पोलीस म्हणतात प्रेत आमच्या हद्दीत नाही, त्या ठाण्याचे म्हणतात आमच्या नाही. दिनकरची आई या ठाण्यातून त्या ठाण्यात चकरा मारते. त्यात गाणी नाहीत, कुणी उडी मारून दहा जणांना लोळवत नाही. एक म्हातारा जमादार आहे, त्याच्या बुटांना सगळ्या भागांत चिखल लागलेला असतो. मी पोटच्या पोराचं काम आहे म्हणून बघायला बसले आणि नंतर त्या जमादारासाठी बघत राहिले. पाहण्यासारखी मालिका होती. आमच्या गल्लीत संध्याकाळी बायका एकमेकींना विचारायच्या, "काय गं, सापडला का खुनी?"

पहिल्याच भागात गावच्या चौकात दिनकरच्या नावाचा फ्लेक्स लागलेला दाखवला होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे फोटो, फोटोला झेंडूचा हार, खाली 'शोकाकुल मित्रमंडळ'. मालिकावाल्यांनी शेखरकडे एखादा हसरा फोटो मागितला होता. त्याने लग्नातला, फेट्यातला दिला. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत हे त्यालाही माहीत होतं, पण काम हातचं जाईल म्हणून तो बोलला नाही. मी तो हार पाहिला तेव्हा पटकन नजर वळवली. मालकांनी टीव्ही बंद केला आणि परत लावला.

मार्गशीर्षातला बुधवार होता. गुरुवारच्या लक्ष्मीच्या पूजेमुळे आदल्या दिवशी फुलांना मागणी असते, म्हणून आम्ही सकाळपासून तोडणी धरली होती. तेवढ्यात बांधावरून खंडेराव आले. खंडेराव भाऊबंदांतले, मालकांपेक्षा वयाने मोठे. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर पंचा, पायात चप्पल नाही.

"माती कधी ठेवली?" त्यांनी मालकांना विचारलं.

"कोणाची?"

खंडेरावांनी पंच्याने डोळे पुसले. "सावळीराम, धीर धर बाबा. आपल्या हातात काय हाय?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, कोण गेलं?"

"मला काय ठाऊक? मी तर इथंच आहे तुमच्यासमोर."

खंडेरावांनी मोबाइल पुढे केला. त्यात आमच्या शेखरचा फेट्यातला फोटो, फोटोला हार, वर श्रद्धांजली. मालिकेतलाच तो फ्लेक्स, पण कुणीतरी तेवढाच कापून काढलेला. त्याच्याखाली माणसांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. एकाने लिहिलं होतं, 'मनमिळाऊ स्वभाव होता.' मी वाचायला उशिरा शिकले, अजूनही बोट ठेवून वाचते. बोट ठेवून मी खालचं नाव वाचलं.

"भाऊजी, नाव बघा. कैलासवासी दिनकर लिहिलंय."

"नाव कोण वाचतो वहिनी? फोटो शेखरचा हाय ना!"

"अहो, सिरियल आहे ती. त्याचं काम आहे त्यात. मेलेल्याचं."

खंडेरावांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं. "तरी म्हटलं, पोरगं गेलं आन् हे दोघं फुलं काय तोडतात." मग मालकांच्या पाठीत धपाटा घातला. "लेका, मी कांद्याचं पाणी अर्ध्यावर सोडून अनवाणी पळत आलो! आता चहा तरी टाक."

आम्ही तिघंही हसलो. चहा झाला. चहा पिता पिता कळलं की सायखेड्याच्या एका पोराने कौतुकाने तो फोटो लावला होता, 'आपल्या शेखरदादाची मालिका बघा' असं लिहून. पुढच्याने फोटो तेवढा घेतला आणि लिहिलेलं टाकून दिलं. त्याच्या पुढच्याने तेवढंच पुढे पाठवलं.

"आता पार सटाण्यापर्यंत गेला आसंल," खंडेराव म्हणाले.

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. सटाण्याला भागुबाई होती.

भागुबाई माझी थोरली बहीण. मी तिला बाई म्हणते. शेखर झाला तेव्हा मी वर्षभर अंथरुणाला खिळले होते. बाईने त्याला सटाण्याला नेलं, तो शाळेत जायचा झाला तेव्हा परत दिला. शेखर तिला मोठी माय म्हणतो. त्या पावसाळ्यात तिच्या हृदयात स्प्रिंग टाकली होती आणि डॉक्टरांनी तिच्या मुलाला, सुनीलला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, एकदम धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका. बाई मालिका बघत नव्हती. तिला शेखरच्या कामाचं आम्ही सांगितलंच नव्हतं, कारण काय सांगायचं? पोरगा मेलेला दाखवलाय म्हणून?

मी सुनीलला फोन लावला. लागेना. तो कांद्याच्या व्यापारात आहे, लिलाव चालू असला की फोनकडे बघत नाही. सुनीलच्या बायकोला, रूपालीला, लावला. रिंग गेली, उचलला नाही. परत लावला. परत तेच.

"शेखरलाच लाव," मालक म्हणाले. "तोच बोलला म्हंजे मिटलं."

शेखर त्या दिवशी दिंडोरीकडे एका बागेत होता. मालिकेचा पुढचा भाग काढत होते. माणूस मेलेला असला तरी आधीचं दाखवावं लागतं, म्हणून त्याला परत बोलावलेलं. त्याचा फोन बंद होता. बंदच असणार, तिथे सकाळी सगळ्यांचे फोन जमा करून घेतात, हे त्यानेच मला सांगितलं होतं. हे मला माहीत होतं. तरी 'आपण संपर्क करीत असलेला क्रमांक बंद आहे' असं फोनमधून ऐकू आलं तेव्हा मला बरं वाटलं नाही.

मी म्हटलं, "मी सटाण्याला जाते."

मालक घरी थांबले, कारण भेटायला येणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. पुतण्या धनराजने पिकअप काढली. मागे फुलांचे क्रेट भरलेले होते, उतरवायला वेळ नव्हता, तसेच निघालो.

धनराज बोलका आहे. गप्प बसला की आजारी पडेल असा. पिंपळगाव येईपर्यंत त्याचा फोन सारखा वाजत होता आणि तो प्रत्येकाला सांगत होता, "नाय हो, जिता हाय. हा, एकदम ठणठणीत. नाय नाय, माती नाय." मग मला म्हणाला, "काकू, शेखरदादाला एवढे लोक जिता असताना कधी इचारत नव्हते."

मी हसले नाही. माझाही फोन वाजत होता. सायखेड्याहून हर्षाली रडत होती. तिला सगळं माहीत होतं, मालिका तिने दोनदा पाहिली होती, तरी रडत होती. "आई, दादाचा फोन लागत नाहीये गं."

"शूटिंगला आहे तो."

"माहितीये. पण लागत नाहीये."

तेव्हापासून माझ्या मनात नको ते येऊ लागलं. आपण सगळ्यांना सांगतोय जिवंत आहे, पण आपण त्याला पाहिलं कधी? पहाटे तो निघाला तेव्हा मी चुलीपाशी होते, पाठमोरीच 'हं' म्हटलं होतं. शेततळ्याच्या काठाला प्लॅस्टिक असतं, त्याच्यावरून पाय सरकला की माणसाला वर येता येत नाही. मालिकेत तेच दाखवलं होतं. आणि आज तो तसल्याच तळ्यावर उभा होता. शंभर माणसं हात जोडतायत, त्यातलं एखादं खरं निघालं तर?

"धनराज, जरा दमाने चालव," मी म्हटलं. मग थोड्या वेळाने म्हटलं, "इतका हळू का चालवतोस?"

"काकू, एक कायतरी सांगा."

सोग्रस फाट्यावरून आत वळलो. भावडबारीचा घाट उतरताना समोरून येणारी माणसं आमच्या गाडीकडे बघत होती. पाठीमागे झेंडू, पुढे डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी. त्यांना काय वाटलं असेल ते कळत होतं. एकाने तर गाडी बाजूला घेऊन हात जोडले.

देवळ्याच्या अलीकडे एक जीप आमच्यापुढे आडवी लागली. त्यातून सुनील उतरला, माझ्या दाराशी आला आणि माझे पाय धरून रडायला लागला. मागे जीपमध्ये त्याच्या बाजारातली सहा-सात माणसं पांढऱ्या टोप्या घालून बसली होती. ते नाशिकला मातीला निघाले होते.

"सुनील, अरे ऊठ. शेखर जिवंत आहे."

त्याला ते कळेचना. धनराजने मोबाइलवर मालिका लावून दाखवली, तेव्हा त्याने डोळे पुसले आणि आधी आईवरून एक शिवी दिली. शिवी कुणाला दिली ते त्यालाही माहीत नव्हतं.

"बाईला सांगितलंस का?" मी विचारलं.

"नाही मावशी. कसं सांगणार? रूपालीला म्हटलं, आईचा फोन उशीखाली टाक, टीव्हीची वायर काढ, दार लावून घे. कुणी आलं तर आई झोपलीय सांग."

"रूपाली फोन का उचलत नाही?"

"दोन्ही फोन उशीखाली टाकले असतील."

जीप फिरली आणि आमच्या मागे लागली. माझ्या जिवात थोडा जीव आला. दार लावलेलं असेल, बाईला काही कळलेलं नसेल, आपण जाऊन गप्पा मारायच्या, चहा प्यायचा आणि निघायचं. मग आमची गाडी सटाण्यात बाईच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि मला दिसलं की घराचं दार सताड उघडं आहे आणि ओट्यावर बायका बसल्या आहेत.

मी गाडी थांबायच्या आतच उतरले.

बाई ओट्यावर मधोमध बसली होती. केस ओले, पाठीवर सोडलेले. डोकं धुतलं होतं, म्हणजे सुतकाची आंघोळ झाली होती. शेजारची सावित्रीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. रूपाली दाराआड उभी राहून मला खुणेने सांगत होती, माझा काही इलाज चालला नाही. मी बाईचा चेहरा पाहिला. ती मेथी निवडत होती.

"ये वं लंका, बठ," ती आमच्या माहेरच्या अहिराणीत मला म्हणाली. "मी रडी लिधं. आख्खी गल्लीनी आयकं."

सावित्रीबाई म्हणाली, "लय रडली हो. माझा तर ऊर फाटायची वेळ आली. आन् मग एकदम उठली, डोकं धुतलं आन् म्हणते, मेथी आण."

मला काही समजेना. बाई माझ्या कानाशी वाकली, जशी लहानपणी खोड्या सांगायला वाकायची.

"कावळा कोठे शिवना त्याले? डोकावर शिवना का खांदावर?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

आमच्या माहेरी रीत होती. माणसाला कावळा शिवला तर ते मरणाचं लक्षण. ते टाळायचं तर त्याच्या जीवाच्या माणसाला खोटा निरोप धाडायचा, अमुक गेला म्हणून. त्या माणसाने खरं समजून रडायचं. रडून झालं की मरणाचा वाटा फिटला, आणि मग दिवस मावळायच्या आत खरं सांगायचं. आमच्या वडिलांना कावळा शिवला तेव्हा आत्याकडे असाच निरोप गेला होता. आत्या रडून रडून बेशुद्ध पडली, वडील पुढे पुष्कळ वर्षं जगले.

"माले म्हाईत शे," बाई हसत म्हणाली. "सावित्री उनी, फोटू दखाडा. पह्यले माले चक्कर उनी. मंग म्हनं, खरं ऱ्हातं तर लंका सोता फोन करती. फोन उना नही, फोटू उना. म्हणजे कावळाच शे. मंग मी चांगली रडनू. कमी पडाले नको."

ती मला सांगत होती आणि मला तिचे पाय धरावेसे वाटत होते. ज्या धक्क्याची आम्हाला भीती होती, तो तिने सकाळीच कावळ्याच्या नावाने उतरवून ठेवला होता. सुनील जीपमधून उतरून आला, आईला मेथी निवडताना पाहून खांबाला टेकला. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. डोक्यावर शिवला, बाई. एवढं बोलले असते तर झालं असतं. मी तोंड उघडलंही होतं.

"कसला कावळा मावशी?" धनराज मागून म्हणाला. "सिरियल हाय ती! शेखरदादाने मेलेल्याचं काम केलंय. फोटोपण सिरियलमधलाच!"

सुनीलने त्याचं मनगट आवळलं, पण बोलणं होऊन गेलं होतं.

बाईचा मेथीवरचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. "कावळा नही?"

मी म्हटलं, "नाही बाई. नाटकातलं आहे. मालिकेतलं."

"कोन्हाले कावळा शिवना नही?"

"नाही."

"मंग मी कसाले रडनू?" तिचा आवाज बारीक झाला. "जित्ता पोऱ्यावर रडनू मी? डोकं धुयं? फुकट?"

सावित्रीबाईने पाठीवरचा हात काढून घेतला. मी काही समजावणार तेवढ्यात बाई म्हणाली, "त्याले बलाव."

"शूटिंगला आहे. संध्याकाळी फोन चालू होईल."

"बलाव म्हनं ना."

खरं सांगितलं तिथून तिची भीती सुरू झाली. कावळ्याच्या रडण्याने माणूस वाचतो, असं ती मानत होती. कावळा नसताना जित्या माणसासाठी केलेल्या रडण्याचं काय होतं, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तिने मेथी सुपात तशीच टाकली. दुपारी जेवली नाही. गोळी घे म्हटलं तर घेतली नाही. छातीवर हात ठेवून ओट्यावर बसून राहिली. रूपालीने विचारलं, दुखतंय का, तर म्हणे नाही. सुनील डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी नाडी बघितली, दवाखान्यात चला म्हणाले. बाई म्हणाली, पोऱ्या दिसल्याशिवाय मी या ओट्यावरून उठणार नाही.

मी एकसारखा शेखरला फोन लावत होते. तिकडून हर्षालीने कुठून कुठून नंबर मिळवत मालिकेतल्या रंगभूषा करणाऱ्या मुलीला गाठलं. त्या मुलीने शेखरला निरोप दिला आणि दिवस कलायच्या सुमाराला माझा फोन वाजला.

"आई? काय झालं? मोठी माय बरी आहे ना?"

"तूच बोल तिच्याशी," मी म्हटलं. मी फोन बाईच्या कानाला लावला.

"मोठी माय, मी शेखर. अगं, मला काही झालेलं नाही."

बाईने फोन परत दिला. "आवाज काय, मरेल मानूसना बी फोनमा ऱ्हास."

त्यात तिचं चुकत नव्हतं. तिच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण सुनीलच्या फोनमध्ये त्यांचा आवाज होता, कुठल्याशा लग्नात आहेर वाचत असलेला. वर्षश्राद्धाला तो लावायचे.

मग आम्ही बसलो. शेखर दिंडोरीहून वणी-कळवणच्या रस्त्याने निघाला होता, कुणाची तरी मोटारसायकल घेऊन. आता मला त्या मोटारसायकलची काळजी. थंडीचे दिवस, लवकर अंधारतं, त्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर. बाई पश्चिमेकडे बघत होती. ऊन समोरच्या भिंतीवरून वर सरकत चाललं होतं. दिवस मावळायच्या आत, ही तिच्या रीतीची अट होती. कावळा नव्हता तरी अट तिने धरून ठेवली होती. ती ते बोलत नव्हती, पण मी त्याच माहेरची, मला कळत होतं. धनराज गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला होता. सकाळपासून पहिल्यांदाच तो काही बोलत नव्हता.

ऊन कौलांपर्यंत गेलं तेव्हा त्याची आरोळी आली, "आला! आला!"

शेखर गाडी टाकून धावतच आला. त्याला बघून सावित्रीबाईने तोंडाला पदर लावला. घाईत त्याने तोंड धुतलं नव्हतं. गळ्याभोवती काळानिळा वळ, कपाळाच्या कडेला सुकलेलं रक्त, ओठ फुटलेला. मालिकेत त्या दिवशी त्याला मारहाण होताना दाखवत होते. मला माहीत असून मी एक पाऊल मागे सरले. बाईला काय झालं असेल?

ती उठली नाही. "जवळ ये," म्हणाली.

तो तिच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला. बाईने त्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं.

"हाई काय शे?"

"रंग आहे गं, मोठी माय."

तिने पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि त्याचा गळा घासायला लागली. रंग पदराला आला. तिने पदर बघितला, परत ओला केला, कपाळ पुसलं, ओठ पुसला. लहानपणी त्याचं शेंबडं तोंड पुसायची तसं, जोर लावून, त्याला दुखेपर्यंत. तो हलला नाही. शेवटी खालची कातडी दिसली, लाल झालेली पण धड. तिने तिथे नखाने चिमटा काढला.

"आई गं!" शेखर ओरडला.

"काही खादं का तू?" बाई म्हणाली.

मग ती उठली. गोळी घेतली, शेखरच्या ताटातच जेवली. जेवण झाल्यावर म्हणाली, मला दाखव तू कसा मेलास ते. सुनील नको म्हणत होता. शेखरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दाखव. रूपालीने टीव्हीची वायर परत लावली.

बाईने पहिला भाग शेखरचं मनगट धरून पाहिला. तळ्यातून प्रेत काढतात तेव्हा तिने एकदा पडद्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. फ्लेक्स आला तेव्हा मनगट इतकं आवळलं की त्याला बोटं हलवता येईनात. मालिकेतली आई ठाण्यात बसून रडते तिथे ती म्हणाली, "हाई बाई रडत नही, रडाना सोंग करस." पण चिखलाच्या बुटांचा जमादार तिलाही आवडला. हा माणूस शोधून काढील, म्हणाली. आम्ही निघालो तेव्हा तिने शेखरला विचारलं, "पुढला भागमा तू जित्ता व्हशी ना?"

शेखरला खोटं बोलता आलं नाही. "नाही गं. दिनकर मेलेलाच आहे. पण मी आहे ना."

तिने मान हलवली. पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुनीलने तिला मालेगावला मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. त्यानंतर तिचा एक नेम झाला. सकाळी चहाच्या आधी रूपालीने फोन लावायचा, शेखरने पडद्यावर तोंड दाखवायचं, मान डावीकडे-उजवीकडे करून गळा दाखवायचा. मगच बाई चहा घ्यायची. शेखरने एकही सकाळ चुकवली नाही. शूटिंगला जातानाही तो फोन जमा करायच्या आधी गळा दाखवून जायचा. तिकडच्या लोकांना ते ठाऊक झालं होतं. रंगभूषेची मुलगी म्हणायची, थांबा, आधी आजीला दाखवू द्या, मग वळ काढते. बाई सुनीलला मात्र पुन्हा पुन्हा तेच विचारायची, "मना रडाना त्याले काही व्हवाव नही ना रे?" सुनील दरवेळी नाही म्हणायचा.

मालिका तिने शेवटपर्यंत पाहिली. खून कुणी केला ते तिने जमादाराच्या आधी ओळखलं, असं रूपाली सांगते.

दोन हजार पंचवीस साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी शेखरचं तोंड पाहून चहा घेतल्यावर, माझी थोरली बहीण भागुबाई सटाण्यात वारली.